इंग्लंडच्या जुन्या घरात मोरी नसते. मग अंघोळ, गरम पाणी आणि सासूबाईंची सोय कशी जमवायची?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये इंग्लंडला राहायला जाताय, आणि व्हिडिओवर दाखवलेल्या घरात बाथरूमच्या जमिनीत पाणी जायची जाळीच दिसली नाही. बेसिनला गरम-गार असे दोन वेगळे नळ आहेत. महिन्याभराने सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. बादलीने अंघोळ करता येईल का, जेट स्प्रे बसवता येईल का, गरम पाणी सगळ्यांना पुरेल का, असे तुमचे तीन प्रश्न. मी २०१५ पासून रेडिंगला राहते. पहिली चार वर्षं शंभरहून जास्त वर्षं जुन्या, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांपैकी एकात भाड्याने होते, म्हणजे बहुधा तुम्ही पाहिलंय तसंच घर.

आधी त्या जाळीबद्दल, कारण सगळ्यात महाग पडणारी गोष्ट तीच आहे. आपल्याकडे बाथरूम म्हणजे मुळात मोरी. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर फरशी, फरशीला उतार आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप. पाणी कुठेही सांडलं तरी ते वाट काढतं. इथल्या जुन्या घरात वरचा मजला लाकडी वाशांवर असतो. त्यावर फळ्या किंवा प्लायवूड, त्यावर व्हिनाइलचा पातळ थर, आणि काही घरांत तर चक्क गालिचा. उतार नाही, जाळी नाही. पाणी फक्त टबातून, बेसिनमधून आणि कमोडमधून बाहेर जातं. जमीन कोरडी राहणार हे धरूनच ते घर बांधलेलं असतं.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला मी थंडीचे कपडे, विमानतळावरची रांग, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं समजावून सांगितलं होतं. हे मात्र सांगितलं नव्हतं. टबाची कड ओलांडायला तिला भीती वाटली, म्हणून ती जमिनीवर स्टूल ठेवून बादलीने नाहली आणि मग पाणी लोटायला जाळी शोधत राहिली. तिसऱ्या दिवशी खाली स्वयंपाकघरात छताला पिवळा डाग आला आणि दिव्याशेजारून थेंब पडायला लागले. मी मेन स्विच बंद केला. छताचा तुकडा बदलावा लागला, पैसे डिपॉझिटमधून गेले. पैशांचं मला फारसं काही वाटलं नाही. आई मात्र आठवडाभर नीट जेवली नाही. लेकीच्या घरी आपण नुकसान केलं, हे तिच्या मनातून जाईना. चूक तिची नव्हतीच, माझ्या न सांगण्याची होती. म्हणून कळकळीने सांगते: सासूबाईंना हे फोनवर आधी सांगा, आणि त्या आल्या की पहिल्या अंघोळीआधी हात धरून दाखवा.

बादलीची अंघोळ खुशाल करा, पण टबाच्या आत. टबात रबरी मॅट घाला, शक्यतो खाली चिकटणाऱ्या रबरी वाट्या (सक्शन कप) असलेली, नाहीतर तेलकट पायाखाली सरकते. त्यावर टबात मावेल असं, रबरी पायांचं स्टूल ठेवा. अंघोळीचं स्टूल म्हणून मिळतं तेच घ्या, साधं प्लास्टिकचं नको. टबाची कड जवळपास गुडघ्याइतकी उंच असते, त्यामुळे भिंतीला धरायला दांडी हवी. ती बसवायची तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. मी ई-मेल केला आणि दोन दिवसांत हो आलं. शॉवरचा पडदा असेल तर त्याची खालची कड टबाच्या आत राहिली पाहिजे. टब आणि भिंत यांच्यामधली सिलिकॉनची रेघ काळी पडून सुटलेली दिसली, तर राहायला जायच्या दिवशीच फोटो काढून मालकाला पाठवा. गळती तिथूनही होते.

गरम पाणी पुरेल का, हे घरात कोणती व्यवस्था आहे त्यावर ठरतं. एक प्रकार कॉम्बी बॉयलरचा. त्यात साठा नसतो, नळ सोडला की गॅसवर पाणी तापतं. संपत नाही, पण एका वेळी मिळतं थोडंच. हिवाळ्यात नळाचं पाणी पाच अंशांवर असेल आणि तुम्हाला ते चाळीसवर हवं असेल, तर २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला साधारण १० लिटर देतो. म्हणून वर कुणी नाहत असताना खाली भांड्यांसाठी गरम नळ सोडू नका, वरचं पाणी लगेच कोमट होतं.

दुसरा प्रकार जुना, आणि आपल्याला खरं तर ओळखीचा. माळ्यावर गार पाण्याची टाकी आणि कपाटात तांब्याचं सिलिंडर, बहुधा १२० लिटरच्या आसपास. म्हणजे आपली गच्चीवरची टाकी आणि मोठा गीझरच. आपल्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर नळाला धार नसते ना, तेच इथेही: दर १० मीटर उंचीला एक बार दाब, आणि माळा बाथरूमच्या डोक्यावर जेमतेम दोन मीटर. धार बारीक आहे म्हणजे काही बिघडलंय असं नाही. सिलिंडरमधलं पाणी संपलं की ३ किलोवॉटच्या इमर्शन हीटरला ते पुन्हा तापवायला दोन तासांहून जास्त लागतात. अशा घरात आपली बादली फार उपयोगाची. टब भरून अंघोळ केली तर एकाच माणसात साठा संपतो. माणशी १५-२० लिटरची बादली घेतली तर त्याच साठ्यात अख्खं घर नाहून निघतं. फक्त पाणी जपून काढा, सिलिंडरमध्ये ते जंतूंच्या भीतीने ६० अंशांवर ठेवलेलं असतं. आधी गार, मग गरम, हा क्रम घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना शिकवा.

ते दोन वेगळे नळही याच टाकीमुळे. गार पाणी बहुधा थेट रस्त्यावरच्या मुख्य नळातून, पिण्यायोग्य. गरम पाणी माळ्यावरच्या साठ्यातलं. दोन्ही मिसळू नयेत म्हणून नळच वेगळे ठेवले गेले. प्यायला आणि स्वयंपाकाला नेहमी स्वयंपाकघरातला गार नळ वापरा.

जेट स्प्रे स्वतःहून लावू नका. १९९९ च्या पाणी-जोडणी नियमांत कमोडमधलं पाणी धोक्याच्या सगळ्यात वरच्या, पाचव्या वर्गात येतं. नळाचा दाब अचानक पडला तर स्प्रेच्या नळीतून घाण पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं ओढलं जाऊ शकतं, म्हणून मुख्य नळाला तो थेट जोडता येत नाही. आम्ही लांब तोंडाची झाडांना पाणी घालायची छोटी झारी वापरतो. सकाळी बेसिनमधून कोमट भरून ठेवते. आईला ती टमरेलापेक्षाही सोयीची वाटली, आणि जमीन ओली होत नाही.

स्वयंपाकघरात एकच पथ्य, पण कडक: तेल-तूप सिंकमध्ये जाता कामा नये. डिसेंबरात आपल्याकडेसुद्धा डब्यातलं तूप थिजतं. इथे तर सिंकचा पाइप जेमतेम ४० मिलिमीटरचा, आणि पुढचं गटार थंडगार जमिनीखालून जातं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि वेट वाइप्सचा (पुसायच्या ओल्या कागदांचा) १३० टनांचा, २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. त्याचा तुकडा पुढे संग्रहालयात ठेवला. कढई आधी कागदाने पुसा, तळणीचं तेल बरणीत साठवा. चहाचा चोथा आणि भाताची शितंही जाळीत अडवून कचऱ्यात टाका. अभ्यंगस्नानाला उटणं लावायचं तर जरूर लावा, फक्त टबातून पाणी जातं त्या भोकावर केस अडवणारी जाळी बसवा आणि नंतर मॅट साबणाने धुवा.

डिसेंबरात सुट्टीला भारतात आलात तर हीटिंग पूर्ण बंद करू नका, कमीवर चालू ठेवा. पाइपमध्ये पाणी गोठलं की पाइप फाटतो, आणि बर्फ वितळल्यावर पाणी वाहू लागतं तेव्हा घरी कुणी नसतं. निघताना स्टॉपकॉक बंद करायचा.

हा स्टॉपकॉक म्हणजे अख्ख्या घराचं पाणी तोडणारा चावीचा नळ. बहुतेक घरांत स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो, आमच्याकडे जिन्याखाली होता. किल्ल्या हातात घ्याल त्या दिवशी एजंट समोर असतानाच तो शोधून फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे पुष्कळदा जाम झालेला असतो. फिरला नाही तर तिथल्या तिथे दुरुस्ती लिहून घ्या. मग सासूबाई आल्या की त्यांनाही दाखवा, कारण दुपारी घरात त्या एकट्याच असणार.