हायड्रोजन तेलासारख्या द्रवात साठवता येतो म्हणतात, ते खरं आहे का?

हो, खरं आहे, आणि प्रत्यक्षात करूनही झालंय.

रंगाच्या दुकानात थिनरचा उग्र वास येतो ना, त्यात बऱ्याचदा टोल्यूइन असतं. त्याच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू जोडले की मिथाइलसायक्लोहेक्झेन तयार होतं. साध्या तापमानाला, साध्या दाबाला द्रवच राहतं. एक लिटर द्रवात सुमारे पाचशे लिटर हायड्रोजन वायू मावतो. नाहीतर शुद्ध हायड्रोजनसाठी एकतर ७०० बार (म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट) दाबाच्या टाक्या हव्यात, नाहीतर उणे २५३ अंशांची थंडी. इथे पेट्रोलचे टँकर चालून जातात.

२०२० मध्ये जपानी कंपन्यांनी ब्रुनेईत हायड्रोजन असाच द्रवात बांधून जहाजाने कावासाकीला नेला, तिथे सोडवून घेतला आणि रिकामं झालेलं टोल्यूइन पुन्हा भरायला परत पाठवलं. थोडक्यात, गॅस सिलिंडरची अदलाबदल.

खरी मेख हायड्रोजन सोडवताना आहे. त्यासाठी प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. मिळणाऱ्या हायड्रोजनमधल्या ऊर्जेच्या पाव हिश्शाहून जास्त ऊर्जा तिथेच जाते. शिवाय वजनाने बघाल तर १०० किलो द्रवात हायड्रोजन जेमतेम ६ किलो, बाकी सगळा हमाल! म्हणून गाडीच्या टाकीत हे घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. कारखान्याची वाया जाणारी उष्णता हाताशी असेल तिथे मात्र हिशोब जमू शकतो.

जर्मनीत टोल्यूइनऐवजी डायबेंझिलटोल्यूइन हा तेलकट द्रवही वापरला गेलाय. तो सहज पेट घेत नाही, पण उष्णतेची भूक तीच.