हवा-पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळी झाली की आमच्याकडे सकाळी धुराचा थर दिसतो, घसा खवखवतो. दुपारी आकाश स्वच्छ. कारखाने धूर रात्रीच सोडतात का? – एक वाचक, जालना

उत्तर : शंका रास्त आहे, पण रात्री एक किलोही जादा धूर सुटला नाही तरी सकाळ अशीच दिसेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असतो. सूर्य मावळला की जमीन भराभर थंडावते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते; त्याच्या वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरितता म्हणतात. हे झाकण बसलं की भट्ट्यांचा, चुलींचा, ट्रकांचा सगळा धूर शे-दोनशे मीटरांतच कोंडतो. उन्हाळ्यातल्या दुपारी त्याच धुराला दोन-तीन किलोमीटर उंचीची जागा मिळते. गार हवा उताराकडे सरकते, त्यामुळे कुंडलिकेच्या काठच्या सखल वस्त्यांना जास्त सोसावं लागतं. संभाजीनगरात उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगर असल्याने तिथेही असंच होतं.

पहाटे गच्चीवरून लांबच्या एखाद्या वीटभट्टीचा धूर पाहा. तो थोडा वर चढून अचानक आडवा पसरला, तर झाकण बसलेलं आहे. ऊन तापू लागलं की ते मोडतं, पण मोडताना, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, उंच चिमण्यांचा वर तरंगत राहिलेला धूर खाली ओढला जातो. त्यात शाळा-कचेऱ्यांची वाहनांची गर्दी. म्हणून दमेकऱ्यांनी हिवाळ्यात फिरायला दुपारी चार ते साडेपाचला जावं, आणि खिडक्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच उघड्या ठेवाव्यात. एप्रिल-मेमध्ये उलट करा : दुपारच्या वाऱ्याने धूळ उठते, तेव्हा खिडक्या पहाटे उघडा. धूळ जाडसर असते, नाक-घसा धरते. धुराचे बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर जातात.

प्रश्न : उसाचं पाचट (तोडणीनंतर शेतात राहिलेला वाळका पाला) पेटवलं तर तासाभरात शेत मोकळं होतं. तेवढ्याने काय बिघडतं? – एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर : बहुतेक जण वारा नसताना, संध्याकाळी पेटवतात. आग आटोक्यात राहते हे खरं, पण झाकण बसायची वेळही तीच, त्यामुळे धूर रात्रभर गावावरच राहतो. त्यापेक्षा पाचट सरीत दाबा. एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका, नंतर पाचट कुजवणारं जिवाणू खत 4 किलो घेऊन शेणखतात कालवून फेका. हे जिवाणू खत युरियात मिसळू नका. लगेच पाणी द्या. पाणी तुटलं तर पाचट तसंच राहतं, आणि युरिया वाचवला तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) पिवळा पडतो. मग ‘पाचट ठेवल्याने ऊस गेला’ अशी ओरड होते.

प्रश्न : एका ॲपवर आमच्या शहराच्या हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक 100, दुसऱ्यावर दीडशेच्या वर. खरा कोणता? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. बारीक कण (पीएम 2.5) घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय पट्टीवर निर्देशांक 100 येतो, म्हणजे ‘समाधानकारक’च्या अगदी टोकाला. अमेरिकन पट्टीवर तीच हवा 150 च्या पुढे जाते. दुसरी खोच अशी की, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात धूलिकणांची 24 तासांची सरासरी धरतात, त्यामुळे सकाळचा फुगवटा दुपारच्या चांगल्या हवेत बुडून जातो. फिरायला जायची वेळ ठरवायची असेल, तर निर्देशांक सोडा आणि तुमच्या शहरातल्या हवा मोजणाऱ्या केंद्राच्या पानावर पीएम 2.5 चा तासातासाचा आलेख पाहा.