‘लाँग शॉट’ म्हणजे सिक्सर नव्हे हो!

प्रश्न: ताई, मी आयटीत आहे, आमची मॅनेजर लंडनला बसते. तिकडच्या टीममध्ये एक जागा निघाली म्हणून मी तिला विचारलं की अप्लाय करू का, तर तिने चॅटवर लिहिलं, "इट्स अ लाँग शॉट, बट गो फॉर इट." मला वाटलं लाँग शॉट म्हणजे थेट स्टेडियमबाहेर, काम झालंच, मी तर घरी सांगूनपण टाकलं. आता टीममधला एक जण म्हणतो अर्थ उलटा आहे. खरं काय? – एक वाचक, पुणे

उत्तर: तुमचा मित्र बरोबर बोलतोय, घरी पेढे आणले असतील तर गुपचूप खाऊन टाका. लाँग शॉट म्हणजे जमायची शक्यता फारच कमी असलेली गोष्ट. आता तुमचा घोळ का झाला ते कळतंय मला, आपल्याकडे शॉट म्हटलं की बॅटच दिसते, नाहीतर मग सिनेमावाल्यांचा लांबून घेतलेला शॉट. हा शॉट मात्र बंदुकीचा. जुन्या बंदुकांचा, तोफांचा नेम लांबवर काही धड बसायचा नाही, त्यामुळे लांबून झाडलेली गोळी लागली तर लागली. मग शर्यतीवर पैसे लावणाऱ्यांनी हा शब्द उचलला, ज्या घोड्यावर कोणी पैसे लावायला तयार नाही तो लाँग शॉट.

क्रिकेटच डोक्यात असेल तर 1981ची हेडिंग्ले टेस्ट घ्या. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला फॉलोऑन दिला आणि मैदानातल्या स्कोअरबोर्डवर इंग्लंडचा भाव झळकला, 500ला 1, म्हणजे एक पौंड लावा आणि इंग्लंड जिंकलं तर पाचशे घ्या. हा खराखुरा लाँग शॉट. ऑस्ट्रेलियाच्याच डेनिस लिलीने गंमत म्हणून 10 पौंड लावले, विकेटकीपर रॉडनी मार्शने 5 (स्वतःच्या टीमविरुद्ध! आज केलं तर घरीच बसवतील). दुसऱ्या डावात इंग्लंड 7 बाद 135, डावाने हरायची वेळ, आणि तिथून बोथमने नाबाद 149 ठोकले, मग 130 करायला उतरलेली ऑस्ट्रेलिया विलिसने 8 विकेट काढून 111वर गुंडाळली. लिली आणि मार्श मॅच हरले आणि दोघं मिळून साडेसात हजार पौंड जिंकले.

रोजच्या बोलण्यात या शब्दामागे बहुतेक वेळा एक ‘बट’ येतो, तुमच्या मॅनेजरच्या वाक्यातही आहे बघा, आणि सगळी गंमत त्या ‘बट’मध्ये आहे. जमणं कठीण आहे, पण करून बघायला काय जातंय. मराठीत मी याला "खडा मारून बघ" म्हणेन. "अंधारात तीर" नको, ते नुसत्या अंदाजाने ठोकून देण्याला म्हणतात आणि त्यासाठी इंग्रजीत ‘शॉट इन द डार्क’ वेगळं आहे.

एक खड्डा सांगून ठेवते. ‘नॉट बाय अ लाँग शॉट’ असं आलं तर तिथे शक्यताबिक्यता काही नाही, सरळ "छे, अजिबात नाही". काम संपलं का याला कोणी हे उत्तर दिलं तर खुशाल चहाला जा, बराच वेळ लागणार आहे. आणि ‘फॅट चान्स’ दिसला की जाड म्हणजे मोठा चान्स असं समजू नका, तो टोमणा आहे, आपलं "झालंच मग!" किंवा "बसा वाट बघत!" तसं. मित्रांत चालतं, मॅनेजरला चुकूनही लिहू नका.

राहिला अर्ज. मॅनेजरला नकोच असतं तर तिने ‘गो फॉर इट’ लिहिलंच नसतं. भरा आज, आणि तिला एवढंच कळवा, "आय नो इट्स अ लाँग शॉट, बट आय हॅव अप्लाइड." घरच्यांना काय सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा.