दारव्ह्यात भंगारवाल्याकडे जुनी बार्बी भेटली, पाठीवर 1966 लिहिलंय, खरंच तेवढी जुनी आहे का?

नाही हो, 1966 हे त्या बॉडीच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे, बनवल्याचं नाही, तेच साल 90 च्या दशकातल्या बाहुल्यांवरबी दिसते. त्याच्याखाली देशाचं नाव वाचा, मेड इन इंडिया असेल तर ती बरीच नंतरची.

मग कानाजवळ पाहा. जुन्या बार्बीला धातूचे टॉप्स असायचे, त्यातलं तांबं व्हिनाइलमध्ये (बाहुलीच्या मऊ प्लास्टिकमध्ये) उतरते आन् हिरवा डाग पडते, तो साबणानं घासून जात नाही. थिनर तर लावूच नका, ओठ-भुवयांचा रंगच पुसला जाते. आन् धुतल्यावर सावलीतच वाळवा, मी एक बाहुली मे महिन्यात टिनावर वाळत घातली होती, पाय चिकट झाले बिचारीचे, अजून जीव हळहळते.