जावात ऑब्जेक्टचा अ‍ॅरे बनवला, तरी नल पॉइंटर एक्सेप्शन का येतं?

कारण तुम्ही फक्त अ‍ॅरे बनवलाय, त्यात ठेवायचा ऑब्जेक्ट, समजा स्टुडंट या क्लासचा, अजून एकही बनवलेला नाही. 'न्यू स्टुडंट[5]' लिहिल्यावर जावा पाच रेफरन्स (ऑब्जेक्ट कुठे आहे ते दाखवणारे दुवे) मावतील एवढी जागा देतं आणि प्रत्येक जागी नल, म्हणजे 'कुठलाच ऑब्जेक्ट नाही', ठेवतं. स्टुडंटचा कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) एकदाही चालत नाही. मग शून्याव्या जागेवर सेटनेमसारखी नाव देणारी मेथड बोलावली की एक्सेप्शन येणारच. इंटच्या अ‍ॅरेत आपोआप शून्य भरलेलं असतं, म्हणून तिथे हे जाणवत नाही. सी प्लस प्लसमधून आलेल्यांचा तर हमखास गोंधळ होतो, कारण तिथे स्टुडंटचा अ‍ॅरे घोषित केला की प्रत्येकासाठी डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर चालतो.

उपाय सोपा: साधा फॉर लूप घ्या आणि प्रत्येक आय-व्या जागी 'न्यू स्टुडंट()' ठेवा. फॉर-ईच मात्र नको. त्यातलं व्हेरिएबल ही रेफरन्सची नुसती प्रत असते. तिला नवा ऑब्जेक्ट दिला तरी अ‍ॅरेत नल तसंच राहतं, आणि कंपायलर काही बोलतही नाही.

'अ‍ॅरेज.फिल' वापरायचा मोह होईल. पण त्याला दिलेला 'न्यू स्टुडंट()' एकदाच तयार होतो आणि पाचही जागा त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. एकाचं नाव बदललं की सगळ्यांचं बदललं! एका ओळीतच हवं असेल तर जावा 8 पासून 'अ‍ॅरेज.सेटऑल' आहे. त्याला दिलेला लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) प्रत्येक इंडेक्ससाठी वेगळा चालतो, त्यामुळे ऑब्जेक्टही वेगळे मिळतात.

किती स्टुडंट येणार हेच आधी माहीत नसेल, तर सरळ लागेल तशी वाढणारी अ‍ॅरेलिस्ट घ्या.