आमवातात आपल्याच पांढऱ्या पेशी सांध्यावर का उलटतात? प्रतिकारशक्ती वाढवून फायदा होईल का?

तुम्ही लिहिलंय की आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवाताचं निदान झालंय, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह आहेत, मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केलंय. आणि नातेवाईक म्हणताहेत, प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून सांधे धरले, गुळवेलीचा काढा द्या. या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो: देऊ नका. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच ऊतींच्या मागे लागलेली असते. तिला आणखी जोर देणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

आता पेशींबद्दल. सुरुवात बहुधा सांध्यात होतच नाही. हिरड्यांचा जुना आजार किंवा विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसात होणारा दाह, अशा ठिकाणी पीएडी नावाची एन्झाइम्स प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन करून टाकतात. हे बदललेलं प्रथिन टी पेशींना (टी आणि बी हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार) परकं वाटतं. एचएलए-डीआरबी1 जनुकाचे ठरावीक प्रकार ज्यांच्यात असतात, त्यांच्यात ही शक्यता जास्त. टी पेशी बी पेशींना उठवतात, बी पेशींच्या प्लाझ्मा पेशी होतात आणि त्या सिट्रुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. आईच्या रिपोर्टमधली अँटी-सीसीपी हीच. दुखणं सुरू होण्याच्या काही वर्षं आधीपासून ती रक्तात असू शकतात, त्यामुळे 'गेल्या पावसाळ्यात भिजले आणि आमवात झाला' याला काही अर्थ नाही.

सांध्याची खरी नासधूस अस्तरात होते. निरोगी सांध्याचं अस्तर जेमतेम एक-दोन पेशींच्या थरांचं असतं. आमवातात त्याचे दहा-दहा थर होतात. त्यातले मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, टीएनएफ, आयएल-1 आणि आयएल-6 हे दाह वाढवणारे रेणू सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर अस्तरातल्याच फायब्रोब्लास्ट पेशी कूर्चा विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात. फायब्रोब्लास्ट आणि टी पेशी आरएएनकेएल नावाचं प्रथिनही बनवतात आणि त्याने हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. बोटांच्या मुळाशी, जिथे सांध्याच्या आत हाडावर कूर्चेचं आवरण नसतं, तिथे पहिली कुरतड होते. एक्स-रेत तीच जागा आधी बघायची.

गुडघ्यातलं पाणी काढलं तर हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. निरोगी सांध्यातला द्रव स्वच्छ, फिकट पिवळा आणि चिकट. सुईच्या टोकाहून सोडला तर काही सेंटिमीटर लांब तार धरतो. आमवातातला द्रव गढूळ असतो आणि पाण्यासारखा टपटप पडतो, कारण चिकटपणा देणारं हायलुरोनिक अ‍ॅसिड तुटलेलं असतं. निरोगी द्रवात एका मायक्रोलिटरमध्ये 200 पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. इथे 2,000 च्या पुढे, अनेकदा त्याच्या कित्येक पट, आणि बहुतेक न्यूट्रोफिल या प्रकारच्या. मात्र आकडा 50,000 च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करायची, आमवाताच्या जुन्या पेशंटमध्येसुद्धा.

'टी पेशी मारा, आजार संपेल' या मताशी माझं जुनं भांडण आहे. सीडी4 या प्रकारच्या टी पेशी कमी करणारी प्रतिपिंडं 1990 च्या दशकात वापरून झाली. रक्तातल्या पेशी घटल्या, सांधे होते तसेच राहिले. उलट मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या डॉक्टर-संशोधकांनी 1992 मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये फक्त टीएनएफ हा एक रेणू अडवला आणि पेशंटची सूज उतरली. बी पेशी काढणारं रिटुक्सिमॅबही चालतं आणि टी पेशींना न मारता त्यांची चालना तोडणारं अ‍ॅबॅटासेप्टही. म्हणजे ही साखळी आहे आणि ती अनेक ठिकाणी तोडता येते. कोणत्या पेशंटमध्ये कुठे तोडायची, हे आजही बरंचसं औषध देऊनच कळतं.

टीएनएफ अडवण्याची किंमतही असते. क्षयाचे झोपलेले जंतू गाठींमध्ये कोंडून ठेवायला हाच टीएनएफ लागतो. म्हणून पुढे कधी आईला बायोलॉजिक (टीएनएफसारखे रेणू अडवणारं औषध) सुचवलं, तर छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची मॅन्टू किंवा इग्रा तपासणी झाल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घेऊ नका. आपल्याकडे ही तपासणी टाळणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

गुळवेलीबद्दल एवढंच: 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. इजेची धाटणी ऑटोइम्यून होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवला तरी मेथोट्रेक्सेटही यकृतावर ताण देतं. दोन्ही एकदम चालू असताना एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं, तर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही आणि कामाचं औषध बंद करावं लागतं.

त्या गोळीबद्दल घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवा, पाकिटावर मार्करने लिहा. डोस साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, आणि फॉलिक अ‍ॅसिड बहुधा दुसऱ्या दिवशी. चुकून रोज घेतली तर आधी तोंड येतं, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. तेव्हा घरच्या फॉलिक अ‍ॅसिडने भागत नाही. ल्युकोव्होरिन हा उतारा लागतो आणि तोही हॉस्पिटलात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोणी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे लगेच सांगा. या जोडीने अस्थिमज्जा बसते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी करा, नंतर दोन-तीन महिन्यांनी. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

हे सगळं आमवाताबद्दल आहे. वयाने झिजलेल्या गुडघ्याला किंवा युरिक अ‍ॅसिडच्या गाउटला लावू नका. नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजेही आमवात नव्हे. हिपॅटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग, अगदी निरोगी वयस्कर माणसातही तो येतो. तुमच्या आईच्या बाबतीत अँटी-सीसीपीही आहे, म्हणून मी ठामपणे लिहिलं. डोस मात्र तिच्या रुमॅटॉलॉजिस्टनेच ठरवायचा. आणि ताप आला तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी त्यांना फोन करा.