वाचकांचे प्रश्न : पाचव्या दिवशी दमणारा राउटर

प्रश्न : आमच्या घरातील वाय-फाय राउटर तीन वर्षांचा आहे. पहिली दोन वर्षे त्याने काहीही त्रास दिला नाही. हल्ली मात्र तो बंद करून चालू केला की दोन-तीन दिवस उत्तम चालतो, मग मंदावत जातो आणि पाचव्या दिवसाच्या आसपास साधे पान उघडायलाही फार वेळ घेतो. इंटरनेट पुरवणारी कंपनी लाइन ठीक असल्याचे सांगते. नवा राउटर घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नये. आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ‘पाचवा दिवस’, कारण बिघाड किती वेळाने उगवतो यावरून तो कुठे आहे याचा बराच अंदाज येतो. राउटर तापत असेल तर तो काही तासांतच कुरकुर करू लागतो. शेजारच्या वाय-फायची गर्दी असेल तर त्रास दिवसाच्या ठरावीक वेळी होतो. पण रीस्टार्टनंतर ताजातवाना होऊन काही दिवसांनी पुन्हा मंदावणारा राउटर बहुधा आतल्या हिशेबात अडकलेला असतो.

हा हिशेब म्हणजे काय, ते सांगतो. घरातील प्रत्येक उपकरण बाहेर जी जोडणी करते, तिची नोंद राउटर एका तक्त्यात ठेवतो आणि बाहेरून आलेले उत्तर कोणाकडे पोचवायचे हे त्या नोंदीवरून ठरवतो. एखादे पान उघडताना अशा कितीतरी जोडण्या होतात. त्या रीतसर बंद झाल्या तर नोंद लगेच निघते, पण फोन खिशात टाकून कोणी घराबाहेर पडले की अर्धवट राहिलेल्या जोडण्यांच्या नोंदी मुदत संपेपर्यंत तशाच पडून राहतात. अनेक घरगुती राउटरच्या आत लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली असते आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत ही मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस आहे. पुष्कळ उत्पादक ती कमी करतात, सगळेच करतात असे नाही. त्यातच फर्मवेअरमधील (राउटर चालवणाऱ्या, त्याच्यातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधील) एखाद्या चुकीमुळे वापरून झालेली मेमरी मोकळी होत नसेल, तर दिवसागणिक जागा आटत जाते. दोन वर्षे तक्रार नव्हती याचे कारणही येथेच सापडू शकते : त्या काळात घरात किती फोन, टीव्ही आणि कॅमेरे होते आणि आज किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे.

तक्ता भरल्याची खूण सहज ओळखता येते. आधीपासून सुरू असलेला व्हिडिओ न अडखळता चालतो, पण त्याच वेळी नवे पान मात्र उघडत नाही. आपल्याकडे असेच होत असेल, तर निदान जवळजवळ झालेच म्हणायचे.

तरीही खात्री करून घ्यावी, आणि ती रीस्टार्ट करण्याआधी. राउटर बंद केला की पुरावाही पुसला जातो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाचव्या दिवशी लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा आणि राउटरच्याच पत्त्यावर (तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. केबलवरून उत्तर साधारण एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. राउटर पिंगला दुय्यम महत्त्व देतो, त्यामुळे एखादा आकडा उडाला तर तिकडे दुर्लक्ष करावे. परंतु आकडे सतत चढे असतील, तर राउटरच थकलेला आहे. उलट केबलवर सगळे सुरळीत असून केवळ वाय-फायवर खोळंबा होत असेल, तर दोष रेडिओच्या, म्हणजे वाय-फाय लहरींच्या, बाजूचा आहे. हीच चाचणी रीस्टार्टनंतर लगेच आणि तिसऱ्या दिवशी करून आकडे लिहून ठेवले, तर कंपनीशी बोलताना तो कागद कामाला येतो.

उपाय म्हणून सर्वप्रथम फर्मवेअर अद्ययावत करावे. त्यानेही भागले नाही, तर राउटरला वीज पुरवणारा अडॅप्टर बदलून पाहावा. हा बिचारा कायम संशयाबाहेर राहतो. त्यातले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) उष्णतेने म्हातारे होतात (तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य अंदाजे निम्मे होते), आणि मग राउटरवर भार आला की व्होल्टेज खाली बसते. नुसता अडॅप्टर मल्टिमीटरला लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, त्यामुळे फसगत होते. राउटर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर संशय बळावतो. नवा अडॅप्टर तितक्याच व्होल्टचा, त्याच ध्रुवतेचा (पिनवरील धन-ऋण बाजू तीच असलेला) आणि तितक्या किंवा अधिक अँपिअरचा असावा. जुना मात्र उघडून पाहू नये.

रोज पहाटे आपोआप रीस्टार्टची वेळ लावून ठेवण्याची सोय काही राउटरमध्ये असते. तात्पुरती ती चालेल. मागचे बारीक छिद्र मात्र रीसेटचे असते. ते दाबले की सगळी मांडणी पुसली जाते, म्हणून कंपनीने दिलेले युजरनेम व पासवर्ड आधी लिहून ठेवावेत. उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी फर्मवेअर देणेच थांबवले असेल, तर सुरक्षिततेसाठीही नवा राउटर घेणे योग्य.

प्रश्न : आमचा वेग केवळ रात्री पडतो आणि रीस्टार्टने विशेष फरक पडत नाही. वाय-फायचा चॅनेल बदलावा का?

उत्तर : आधी रात्रीच केबल लावून वेग मोजावा. केबलवरही तो पडत असेल, तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे आणि चॅनेल बदलून काही साधणार नाही. केबलवर ठीक असेल, तर जवळची उपकरणे वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर न्यावीत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक चॅनेल निवडावा. मोकळा दिसतो म्हणून ३ निवडण्याचा मोह होतो, पण तो १ आणि ६ या दोन्हींवर अर्धवट चढतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनेलवर मात्र एकाचे बोलणे दुसऱ्याला निव्वळ गोंगाट वाटते.

प्रश्न : पूर्वी केबलवर ३०० मेगाबिटचा वेग मिळत असे, आता तो ९४ च्या वर जातच नाही.

उत्तर : आपल्या आकड्यानेच उत्तर दिले आहे. गिगाबिट (१००० मेगाबिट) जोडणीला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी तार तुटली किंवा पिन नीट टेकत नसली, की दोन्ही टोकांची उपकरणे निमूटपणे १०० वर उतरतात आणि प्रत्यक्षात ९४-९५ हाती लागतात. केबल बदलावी, आणि तरीही तोच आकडा आला तर राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे.